वस्तीतली शांतता आणि बाईचं गप्प बसणं

(जिल्ह्यातल्या स्त्री-संघटनांच्या दोन दिवसांच्या कार्यकर्ता शिबिरात केलेलं भाषण. बोलण्याच्या ओघातले काही भाग कमी करून देत आहोत. – संपादक मंडळ)



शिबिराच्या पत्रकात माझा विषय ‘विविधतेच्या समाजात सहिष्णुता आणि अहिंसा’ असा छापलाय. विषय एवढा मोठा, आणि वेळ दिलीय जेवणाच्या आधीची. तेव्हा मी समाजाबद्दल बोलायच्या ऐवजी एका वस्तीबद्दल बोलणार आहे. वस्तीचं नाव घेणार नाही, शहराचंही नाही. त्या वस्तीत मी अजून काम करते आणि ज्यांच्याबद्दल बोलणार आहे ती माणसं रोज मला नळावर भेटतात. तुमच्यापैकी काहीजणी ओळखतील. ओळखलंत तरी चहाच्या वेळेला नाव बोलू नका, एवढी विनंती.

आधी त्या शब्दाबद्दल. आमच्या सल्ला केंद्रात येणारी बाई पहिल्या दहा मिनिटांत एक वाक्य हमखास बोलते: “ताई, लई सहन केलं.” मुसलमान बाई बोलते: “बहुत बर्दाश्त किया, बाजी.” आपण तिला काय सांगतो? आता सहन करू नको. आणि इथं व्यासपीठावर येऊन मी तुम्हाला सहिष्णुता शिकवायची! सहिष्णुता आणि सहन करणं हे दोन्ही शब्द एकाच धातूपासून आलेत. म्हणून मला तो शब्द उच्चारताना जरा अडखळायला होतं. घरात ज्याच्या हातात सत्ता आहे त्याला कुणी सहन करायला सांगत नाही. सहन करायला सांगतात ते सुनेला. दोन धर्मांच्या बाबतीत हा शब्द वापरतानाही तोच प्रश्न मनात येतो. कोण कुणाला सहन करणार आणि ते कुणाच्या खर्चानं?

तरी अहिंसेबद्दल मला शंका नाही. दंगल मी लहानपणी पाहिलेली नाही, पण दंगलीनंतरची बाई पाहिलीय. इथं बसलेल्या थोरल्या मैत्रिणींनी ६ डिसेंबर १९९२ नंतरची मुंबई पाहिलीय. डिसेंबर आणि जानेवारी मिळून ९०० माणसं गेली, असं श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात आहे. त्यात ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, बाकीच्यांची ओळख लागली नाही किंवा ते इतर धर्मांचे. तो आयोग १९९६ च्या जानेवारीत सरकारनं गुंडाळला, मे महिन्यात पुन्हा उभा केला, आणि १९९८ साली अहवाल आला. पुढं ५ वर्षं काय झालं, १० वर्षं काय झालं, ते सांगत बसत नाही. इथं बसलेल्यांना ते माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

त्या दंगलीनं आपल्या चळवळीला एक धक्का दिला, तो मात्र सांगायला हवा, कारण नव्या मुलींना तो कुणी सांगत नाही. तोवर आपण बोलत होतो की दंगली पुरुष करतात आणि बाया भोगतात. १९९३ च्या जानेवारीत मुंबईत बाया रस्त्यावर उतरल्या होत्या. पुढाऱ्यांना अटक होऊ नये म्हणून आडव्या बसल्या, लुटीतही काहीजणी होत्या. ज्या बायांसोबत आपण बलात्काराच्या कायद्यासाठी, हुंड्याच्या विरोधात मोर्चे काढले, त्यांच्यातल्याच काही. बाई म्हणजे आपोआप शांततेची बाजू, हे सोडून द्यावं लागलं. तेव्हा आपल्या लोकांनी स्वतःकडेही बघितलं. संघटनांची नावं, पोस्टरवरची देवी, कार्यक्रमाआधीची समई, यात मुसलमान किंवा ख्रिस्ती बाई स्वतःला कुठं बघणार, असा प्रश्न फ्लेव्हिया अ‍ॅग्नेससारख्यांनी विचारला. आज एवढी वर्षं झाली, आणि मागच्या संक्रांतीला आमच्याच संस्थेच्या बचत गटांचा मेळावा हळदीकुंकवानं सुरू झाला. विधवा मागे बसल्या. मुसलमान बाया आल्याच नाहीत. गटाच्या अध्यक्षबाई मला बोलल्या, “त्यांना बोलावलं होतं की!”

आता भिवंडी. हे उदाहरण मी प्रत्येक प्रशिक्षणात देते, कारण ते आशा वाटावी असं आहे. यंत्रमागाचं शहर, हिंदू-मुसलमान दोन्ही भरपूर, बाहेरून आलेला मजूर भरपूर. मे १९७० मध्ये तिथं शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून दंगल झाली आणि त्याचे लोण जळगाव, महाडपर्यंत गेले. न्यायमूर्ती मादन आयोग त्याच्यासाठीच नेमला होता. १९८४ ला पुन्हा दंगल. १९८८ नंतर तिथं पोलीस उपायुक्त असलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ल्या-मोहल्ल्यात समित्या बांधल्या. दोन्ही समाजांचे लोक सारख्या संख्येनं घ्यायचे, त्यांनी पोलिसांबरोबर नेमानं बसायचं, आणि विषय धर्माचा नाही, तर गटार, भांडण, मुलांची मारामारी, पाणी. दंगल नसताना बसायचं, हे महत्त्वाचं. १९९२-९३ मध्ये शेजारची मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. मग मुंबईतही १९९४ पासून ज्युलिओ रिबेरो, तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी, सुशोभा बर्वे यांच्या पुढाकारानं मोहल्ला कमिट्यांचं काम सुरू झालं. त्याच भिवंडीत जुलै २००६ मध्ये पोलीस ठाण्याच्या जागेवरून गोळीबार झाला, माणसं मेली, दोन पोलीसही जमावानं मारले. म्हणजे एकदा बांधलेली समिती जन्मभर पुरत नाही. ती पाणी भरण्यासारखी रोजच्या रोज करायची गोष्ट आहे.

आशुतोष वार्ष्णेय यांचा या विषयावरचा अभ्यास तुमच्यातल्या काहींनी एमएसडब्ल्यूला वाचला असेल. तीन जोड्या करून त्यांनी सहा शहरं तपासली: अलिगढ आणि कालिकत, हैदराबाद आणि लखनौ, अहमदाबाद आणि सुरत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की शहरात नुसता शेजारधर्म दंगल अडवत नाही. एकमेकांच्या घरी जाणं-येणं तणावात तुटतं. जिथं दोन्ही समाजांचे लोक एकाच युनियनमध्ये, एकाच व्यापारी संघात, एकाच पक्षाच्या शाखेत असतात तिथं दंगल अडते, कारण तिथं एकमेकांची गरज असते. मला हे वाचून हायसं वाटलं होतं. आपल्याकडे एकात्मता म्हटलं की शिरखुर्मा आणि पुरणपोळी. शिरखुर्म्याची वाटी देणारा हात आणि दगड उचलणारा हात एकाच घरातला असू शकतो, हे वस्तीत काम करणाऱ्या बाईला पुस्तकातून कळावं लागत नाही.

आमच्या वस्तीत २०१७ मध्ये दोन संध्याकाळी दगडफेक झाली. कारण क्षुल्लक. दुचाकीचा धक्का, त्यातून शिवीगाळ, त्यातून धर्म. एका रिक्षाची काच फुटली, एका मुलाचा डोळा थोडक्यात वाचला. वस्तीत दोन लांब गल्ल्या आहेत, मधे नळकोंडाळं. वरच्या गल्लीत हिंदू, खालच्या गल्लीत मुसलमान, आणि नाल्याच्या कडेला मातंग आणि बौद्धांची घरं. ती घरं कुणाच्याच गल्लीत मोजली जात नाहीत. शांतता समिती झाली तेव्हा २१ जण घेतले. दहा वरचे, दहा खालचे, आणि संस्थेची म्हणून मी. नाल्याकडेचं कुणी घेतलेलं नाही, हे माझ्या लक्षात यायला आठ महिने लागले. बाया मी धरून तीन. एक माजी नगरसेविका, एक आमच्या सगळ्यांच्या खाला, ज्या चाळीस वर्षं तिथं बाळंतपणं करत आल्या.

मी समितीची चेष्टा करायला उभी नाही. तिनं काम केलं. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारी टोळी समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावानं ठेचून मारलं, तुम्हाला आठवत असेल. पोटासाठी गावोगाव फिरणारी माणसं. त्याच आठवड्यात आमच्या वस्तीत सुया-पोत विकणाऱ्या दोन बायांना पोरांनी घेरलं. मोबाईल काढून चित्रण चालू झालं होतं. खालांनी गर्दीत घुसून त्या बायांचे दंड धरले, “मेरे घर की मेहमान है” म्हणत घरात नेलं, दार लावून चहा ठेवला आणि समितीतल्या दोघांना फोन केला. वीस मिनिटांत पोलीस आले. अफवेचा नियमही समितीनंच केला: पुढं पाठवायच्या आधी पलीकडच्या गल्लीत एक फोन करायचा आणि विचारायचं. साधा नियम. त्यानं तीनदा तरी आग विझलेली मी पाहिलीय. आणि २०२३ मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद २८ सप्टेंबरला एकाच दिवशी आली, तेव्हा मुंबईत आणि बऱ्याच ठिकाणी जुलूस दुसऱ्या दिवशी नेला गेला, तसाच आमच्याकडेही नेला. ते काही वरून ठरलं नव्हतं. खालच्या गल्लीतल्या चाचांनी मंडळाच्या पोरांना स्वतः येऊन सांगितलं. पोरांनी दुसऱ्या दिवशी सरबताचं टेबल लावलं.

हे सगळं आधी सांगितलं, कारण आता जे सांगणार आहे ते ऐकून तुम्ही बोलाल, “अशा समित्याच नकोत.” तसं मला म्हणायचं नाही.

२०१९ चा पावसाळा. वरच्या गल्लीतली एक मुलगी, वय वीस पूर्ण, आमच्या शिवणवर्गात येणारी. खालच्या गल्लीतला मुलगा, तेवीस वर्षांचा, एसी दुरुस्तीचं काम करणारा. दोघांनी विशेष विवाह कायद्याखाली नोटीस दिली. १९५४ चा हा कायदा आपल्याला धर्म न बदलता लग्न करायची मुभा देतो, पण त्यात तीस दिवसांच्या नोटिशीची अट आहे. ती नोटीस कचेरीत लावतात, कुणालाही हरकत घेता यावी म्हणून. कुणीतरी तिचा फोटो काढला. दोघांची नावं, पत्ते, फोटो, सगळं एका दुपारी वस्तीच्या सगळ्या ग्रुपवर. संध्याकाळी दोघं निघून गेली.

रात्री नऊला समितीची बैठक. मी गेले तेव्हा मला वाटलं होतं आज भांडण होणार. भांडण झालं नाही. इतकी शांत बैठक त्या समितीनं आधी कधी घेतली नव्हती. पाणी, गटार, भोंगा, मिरवणुकीचा रस्ता, यातल्या प्रत्येकावर दोन वर्षं वाद घालणारे वीस लोक पंधरा मिनिटांत एकमतावर आले. मुलगी चोवीस तासांत परत आणायची. वरच्या गल्लीतले अण्णा बोलले, “वातावरण बिघडायच्या आत.” खालच्या गल्लीतले चाचा बोलले, “हमारे लडके को हम समझा देंगे, आप अपनी बच्ची को सम्हालो.” दोघांच्या मनात एकमेकांबद्दल त्या रात्री आदर होता, मी डोळ्यांनी पाहिला. खाला गप्प होत्या. नगरसेविकाबाई बोलल्या, “आईबापाचं तोंड बघवत नाही.” मग सगळे माझ्याकडे वळले. मुलगी माझं ऐकते, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

तिचा फोन मला सातलाच येऊन गेला होता. कुठे आहे तेही तिनं सांगितलं होतं.

आता ऐका, मला काय काय माहीत होतं. मुलगी सज्ञान आहे, माहीत होतं. केरळच्या हादियाचा निकाल माहीत होता. उच्च न्यायालयानं तिचं लग्न रद्द केलं, कित्येक महिने ती आईबापाच्या घरात अडकली, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सज्ञान बाईचा जोडीदार ठरवायचा हक्क तिचा आहे. त्याच वर्षी मार्चमध्ये शक्तिवाहिनीच्या खटल्यात कोर्टानं अशा जोडप्यांसाठी जिल्ह्या-जिल्ह्यात विशेष कक्ष आणि सुरक्षित निवारा उभा करायचा आदेश दिला, तोही माहीत होता. मी त्यावर एका शाळेच्या हॉलमध्ये तक्ते लावून कार्यकर्त्यांचं प्रशिक्षण घेतलं होतं. त्या तक्त्यांची गुंडाळी माझ्या कपाटावर होती.

आणि तरी मी फोन केला. मी तिला खोटं सांगितलं असं मी तेव्हा मानलं नाही. मी सांगितलं, “फक्त पोलीस ठाण्यात येऊन जबाब दे, मर्जीनं गेले म्हण, मी सोबत आहे, मग जा.” तिनं विचारलं, “नक्की ना ताई?” मी नक्की म्हटलं. ती आली. जबाब दिला. ठाण्यात आई पायरीवर बसून छाती बडवत होती, मामा-काका बाहेर तीस-चाळीस. कुणी तिला ओढलं नाही, मारलं नाही. नुसतं सगळ्यांनी तिच्याभोवती बसून बोलायला सुरुवात केली. अण्णा बोलले, चाचाही बोलले. वस्ती जळेल, पोरी, तुझ्यापायी. चार तास. शेवटी ती माझ्याकडे बघून बोलली, “तुम्ही सांगा.” मी सांगितलं, “काही दिवस घरी जा. वातावरण निवळू दे.”

त्या चार तासांत तिच्यावर कुणी हात उगारला नाही. मी अहिंसेवर बोलायला उभी आहे म्हणून हे मुद्दाम सांगते.

तिला त्याच आठवड्यात मावशीच्या गावी पाठवलं आणि दिवाळीच्या आत लग्न लावून दिलं. मुलाच्या घरच्यांनी खोली विकली, स्वस्तात विकली, आणि गेले. वस्तीत एकही दगड पडला नाही. पुढच्या बैठकीत समितीनं माझं अभिनंदन केलं, नारळ दिला. समितीच्या वहीत माझ्याच अक्षरात नोंद आहे: ‘दि. अमुक रोजी उद्भवलेला संवेदनशील प्रश्न दोन्ही समाजांच्या सहकार्यानं सामोपचारानं मिटवला.’ संस्थेच्या वार्षिक अहवालात ‘यशस्वी हस्तक्षेप’ म्हणून त्याचा एक परिच्छेद गेला. मीच लिहिला.

२०२१ मध्ये, लॉकडाऊन उठल्यावर, ती केंद्रात आली. मला भेटायला नाही. केंद्र उघडं होतं म्हणून आली. हाताला प्लॅस्टर, सोबत वर्षाची मुलगी. नवऱ्याला लग्नाआधीचं कुणीतरी सांगितलं होतं, आणि तो ते रोज काढायचा. मी कौटुंबिक हिंसाचार कायद्याचा फॉर्म भरायला घेतला. नाव, वय, पत्ता, हिंसेचा प्रकार. तिनं सगळं नीट सांगितलं, तारखांसकट. फॉर्म संपल्यावर पिशवी उचलताना विचारलं, “ताई, तेव्हा खरंच दगड पडले असते का हो?”

टोमणा नव्हता तो. तिला खरंच हवं होतं उत्तर. आणि माझ्याकडे ते नव्हतं. आजही नाही. पडले असते, कदाचित. एखाद्याचा जीव गेला असता, कदाचित मुलाचाच. किंवा दोन दिवस ओरडाआरडा होऊन लोक कामाला लागले असते. मी तपासून पाहिलंच नाही. एका बाजूला वस्ती आणि एका बाजूला एक मुलगी, असा तराजू समितीनं माझ्या हातात दिला आणि मी तो घेतला. दगड मारणारी पोरं कोण आहेत हे त्या खोलीतल्या वीसही जणांना माहीत होतं. त्यांच्या बापांना बोलवावं, त्या आठ-दहा जणांना समज द्यावी, पोलिसांची गाडी दोन रात्री उभी करावी, हे कुणालाच सुचलं नाही. मलाही नाही. दुचाकीचा धक्का लागला होता तेव्हा सुचलं होतं! तेव्हा आम्ही दगड मारणाऱ्यांना धरलं होतं. या वेळी धरायला मुलगी होती.

दोन समाजांतले कर्ते पुरुष एकमेकांशी समेट करतात तेव्हा पहिला करार कशावर होतो, ते मी त्या रात्री पाहिलं. आपापल्या पोरी आपण सांभाळायच्या. दंगलीत बाईच्या अब्रूवर हल्ला करणारे आणि शांततेत तिच्या अब्रूवर पहारा देणारे, दोघांचा बाईबद्दलचा हिशेब एकच असतो, की ती समाजाची मालमत्ता आहे. मग राज्यपातळीवरही तेच दिसलं. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्र शासनानं आंतरधर्मीय विवाह-परिवार समन्वय समिती नेमली, लग्न केलेल्या मुलींची आणि त्यांच्या माहेरची माहिती घ्यायला. पहिल्या आदेशात आंतरजातीय लग्नंसुद्धा होती, ओरड झाल्यावर दोन दिवसांत ती वगळली. शासन निर्णय वाचताना मला आमच्या वहीतलीच भाषा आठवली. समन्वय, सहकार्य, संवाद. शब्द आपल्या चळवळीचे, आणि काम मुलीचा पत्ता शोधायचं.

पुढं आम्ही काय केलं ते सांगते. फार मोठं काही नाही.

खाला आणि मी मिळून बायांची वेगळी बैठक सुरू केली. दुपारी दोन ते साडेतीन, कारण तेव्हा पाणी येऊन गेलेलं असतं आणि शाळा सुटायची असते. रात्री नऊच्या बैठकीला बाया येत नाहीत, मग आपण म्हणतो बायांना रस नाही. नाल्याकडेच्या बाया पहिल्यांदा या दुपारच्या बैठकीत आल्या आणि पहिल्याच दिवशी एकीनं विचारलं, “तुमची शांतता कोनाकोनात? आमच्याशी तर तुमी भांडत बी नाय.” नळावर त्यांची हंडी शेवटी लागते, हा विषय दोन्ही गल्ल्यांच्या बायांना एकदम ऐकावा लागला. वरची गल्ली आणि खालची गल्ली यावर मात्र एका बाजूला होत्या, हेही नोंदवते.

दुसरं, भिशी. २०१७ च्या दगडफेकीत दोन्ही गल्ल्यांत एकमेकींना फोन करणाऱ्या बाया कोण होत्या, हे मी नंतर आठवून पाहिलं. बहुतेक एकाच भिशीतल्या. चौदाजणी, महिना पाचशे, कपडे शिवणाऱ्या बायांची जुनी भिशी. पैसे अडकलेले असले की बाई चौकशी करते! आणि आमचे बचत गट? गल्लीनुसार बांधलेले. म्हणजे धर्मानुसार, जातीनुसार. फॉर्म भरायला सोपं जातं म्हणून आम्ही दहा वर्षं तेच केलं. आता नवे गट कामानुसार बांधतोय: शिवणकामवाल्या, घरकामवाल्या, पापडवाल्या. सोपं नाही. घरकामवाल्यांच्या गटात एकीनं स्वयंपाकाच्या घरी आपलं नाव बदलून सांगितलंय, ती मुसलमान आहे आणि काम टिकवायचंय. गटातल्या हिंदू बायांना ते माहीत आहे. अजून कुणी फोडलेलं नाही. मला त्या गटाबद्दल जो विश्वास वाटतो तो समितीबद्दल कधी वाटला नाही.

तिसरं, समितीत मी ठराव मांडला. सज्ञान व्यक्तीचं लग्न, घर सोडणं, घटस्फोट हे विषय शांतता समितीपुढं येणार नाहीत. कुणाच्या जिवाला धोका असेल तर समिती धमकी देणाऱ्याचं नाव पोलिसांना देईल, निघून गेलेल्यांचा पत्ता देणार नाही. आणि घरातल्या मारहाणीची तक्रार ‘वातावरण’ म्हणून थांबवायला कुणी बाईकडे जाणार नाही. हे शेवटचं वाक्य खालांनी घालायला लावलं. त्या बोलल्या, मोहर्रम असो नाहीतर गणपती, दर सणाला मला सांगतात, खाला, उसको बोलो अभी रपट मत लिखाए. चाळीस वर्षांत किती जणींना थांबवलं ते त्यांनी मला सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

ठरावावर तीन बैठका गेल्या. अण्णा बोलले, “ताई, तुम्ही आग लावताय.” चाचा बोलले, “मजहब का मामला है, इसमें ठराव नहीं होता.” पुन्हा दोघांचं एकमत! पाचजण समिती सोडून गेले, दोन्हीकडचे. त्यांतले दोघे परत आले. शेवटी बारा विरुद्ध चार असा ठराव झाला, तोही नगरसेविकाबाईंनी अचानक आमच्या बाजूनं हात वर केला म्हणून. का केला ते त्यांनी सांगितलं नाही. त्यांची धाकटी पुण्यात शिकते, एवढंच मला माहीत आहे.

ठरावाची परीक्षा अजून झालेली नाही. एका मुलीनं मधे मला विचारून ठेवलंय, नोटीस दुसऱ्या जिल्ह्यात देता येते का, तिथं आधी तीस दिवस राहावं लागेल ना, आणि त्या तीस दिवसांत राहायचं कुठं. मुलगा कोण ते तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. मला एवढं कळलं की राहायचं कुठं याचं उत्तर माझ्याजवळ नाही. कोर्टाचा आदेश कागदावर आहे. आपल्या जिल्ह्यात रात्री अकराला दार उघडणारी एक खोली लागेल, दोन किल्ल्या असलेली, आणि तिथं झोपायला येणाऱ्या चार-पाच बाया, पाळीपाळीनं. खोलीचं भाडं काढायचं कसं ते आपण बोलू. कागद या टोकाकडून फिरवते आहे. नाव आणि फोन लिहा, पण ज्यांना रात्री घरातून निघता येणार आहे त्यांनीच लिहा. आणि तो कागद फिरून माझ्याचकडे परत येऊ द्या. त्याचा फोटो काढू नका.